निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींची स्मरणिका काढतोय. नेमकी माहिती कुठून आणि कशी जमवावी?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक गेल्या भाद्रपदात गेले. वर्षश्राद्धाला माजी विद्यार्थ्यांतर्फे ४८ पानांची स्मरणिका काढायचं ठरलंय. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. हातात अजून पाच महिने आहेत.

आत्ता जवळ आहे ते एवढंच: दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९४२, नोकरीची सुरुवात १९६३, चार गावांत बदल्या, त्यात आमच्या शाळेत दोनदा. निरोपाच्या मानपत्रावर निवृत्ती ३१ मे २००० लिहिलीय, घरचे जून २००० म्हणतात. घरच्यांच्या मते गुरुजी २२ वर्षं मुख्याध्यापक होते, त्यांच्या हाताखालचे एक शिक्षक नऊच वर्षं सांगतात.

माजी विद्यार्थ्यांकडून २२ लेख आले. सगळ्यांत तेच शब्द: शिस्तप्रिय, हाडाचे शिक्षक, दुसरे साने गुरुजी. प्रेमानं लिहिलंय, पण वाचून गुरुजी डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. त्यांनी शाळा बदलली हे गावाला ठाऊक आहे, नेमकं काय केलं ते कुणाला सांगता येत नाही. कुठून सुरुवात करावी?

---

दप्तरी

आलेले लेख थोडे दिवस बाजूला ठेवा आणि शाळेच्या लोखंडी कपाटाकडे वळा. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या कामाचा मोठा हिस्सा त्याच्याच हस्ताक्षरात तिथं पडून असतो, आणि सहसा कुणी तो उघडत नाही.

सध्याच्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना. अर्जात कोणती दप्तरं, कोणत्या सालांची आणि कशासाठी, हे स्पष्ट लिहा. रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरची वेळ मागा, दोघं जा, एकानं वाचायचं आणि एकानं लिहायचं. जुनी पानं ठिसूळ असतात, थुंकी लावून उलटू नका. बांधणीजवळ फाटलेलं पान सपाट दाबून फोटो काढायला गेलात तर ते हातातच येतं.

पहिलं दप्तर म्हणजे जनरल रजिस्टर, म्हणजेच दाखलखारीज. ते कायम जपायचं असतं, त्यामुळे बाकी काही नसलं तरी हे मिळतं. प्रत्येक मुलाची एक ओळ: नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण. गुरुजींच्या दोन्ही कारकिर्दी आणि त्यांच्या अलीकडची-पलीकडची पाच-पाच वर्षं घ्या. दर वर्षी पहिलीत दाखल झालेल्या मुली किती, मुलगे किती, हे मोजा. मग त्याच मुलींच्या ओळीत शाळा सोडतानाची इयत्ता बघा. तिसरी-चौथीत ‘घरकामास’ किंवा ‘सतत गैरहजर’ म्हणून नाव कमी झालेल्या मुली किती आणि सातवीपर्यंत पोचलेल्या किती? गुरुजी आल्यावर हा आकडा हलला असेल तर तुमच्या स्मरणिकेचं सर्वांत भक्कम पान तेच. नाव कमी केलेल्या मुलीची काही महिन्यांनी पुन्हा दाखल केल्याची ओळ सापडली तर थांबा आणि तारीख टिपा. त्या दोन तारखांच्या मध्ये कुणीतरी त्या घरी जाऊन बसलेलं असतं.

पटाची तुलना करताना तारीख एकच धरा. जूनमधला पट फुगलेला असतो, दिवाळीनंतरचा वेगळा, आणि माणसारख्या भागात ऊसतोडीला आणि मेंढरांमागे जाणाऱ्या घरांमुळे हिवाळ्यातली हजेरी आणखी वेगळी. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, म्हणून मासिक पत्रकांत त्या तारखेचा आकडा नीट लिहिलेला सापडतो. तोच घ्या.

एक सावधगिरी. नव्वदीत पट किंवा हजेरी वाढलेली दिसली तर सगळं श्रेय लगेच गुरुजींना देऊ नका. १९९५ पासून शालेय पोषण आहार सुरू झाला, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. दुर्बल घटकांतल्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ताही होता. वाढ या दोन्हींच्या आधीची असेल तर ती गुरुजींची. नंतरची असेल तर दोन्ही कारणं लिहा. खरं लिहिल्यानं माणूस लहान होत नाही.

दुसरं दप्तर शेरेबुक, काही ठिकाणी लॉगबुक म्हणतात. तपासणीला आलेला अधिकारी त्यात पट, हजर संख्या, वर्गवार वाचन-गणित आणि सूचना लिहून सही करतो. त्यातली वाक्यं कोरडी असतात, म्हणूनच मोलाची. ‘इयत्ता ३ री, हजर १९, पैकी १६ मुलांस हातचा घेऊन वजाबाकी येते’ असल्या एका ओळीतून कळतं ते पानभर विशेषणांतून कळत नाही. प्रतिकूल शेरा असेल तर तोही वाचा आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. सुधारणा तिथंच दिसते.

तिसरं दप्तर लोक विसरतात: चार्ज यादी. बदली होताना जाणारा मुख्याध्यापक येणाऱ्याला एकेक वस्तू मोजून देतो आणि दोघं सही करतात. घंटा, फळे, नकाशे, पृथ्वीचा गोल, मणिचौकट, मापं, तराजू, पुस्तकं, बसकरपट्ट्या, हातात असलेली शिल्लक. गुरुजींनी शाळा घेताना सही केलेली यादी आणि देताना सही केलेली यादी शेजारी ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे त्यांच्या काळात शाळेत आलेल्या वस्तू. मग डेड स्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, त्या वस्तूपुढे बघा, शासनाकडून आली की लोकवर्गणीतून. खडू-फळा योजना १९८७ ची, त्या सुमाराचे तक्ते आणि खेळांचं साहित्य बहुधा त्यातलं. लोकवर्गणी असेल तर पालकसभेच्या इतिवृत्तात देणाऱ्यांची नावंही सापडतील.

जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो छापू नका. त्यात जात असते, जन्मतारखा असतात. आकडे छापा. गुरुजींचं हस्ताक्षर दाखवायचं असेल तर शिक्षक सूचना वहीतली एखादी सूचना घ्या.

---

जुना लिपिक

तारखांचा गुंता सेवापुस्तक सोडवेल. मूळ प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे असायची, पण बरेच शिक्षक दुय्यम प्रत घरी ठेवत. निवृत्तिवेतनाच्या कागदांची पिशवी घरच्यांकडे मागा, त्यातच असेल. नसेल तर वारसांच्या सहीनं अर्ज करा. माहिती अधिकारात गेलात तर अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये आणि मुदत ३० दिवस. पण साध्या विनंतीनं काम होत असेल तर तेच बरं.

निवृत्तीची तारीख ३१ मे २००० हीच बरोबर. जिल्हा परिषद शिक्षक ५८ पूर्ण झाले की त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. २ जूनचा जन्म असता तर ३० जून आली असती. घरच्यांचा समज तिथून झाला असेल.

आता ती १ जून. त्या पिढीत गावातल्या बहुतेकांची जन्मतारीख १ जूनच सापडते. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना मास्तर अंदाजानं वर्ष धरून १ जून लिहीत. त्यामुळे खरं वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असू शकतं. घरात जन्मपत्रिका किंवा ‘अमक्या भावंडापेक्षा एवढ्यानं मोठा’ अशी खूण असेल तर विचारा. नसेल तर ‘शाळेच्या दाखल्यानुसार १ जून १९४२’ असं लिहा.

२२ आणि नऊ, दोघांचंही बरोबर असू शकतं. छोट्या शाळेत मुख्याध्यापकाचं वेगळं पद नसे. सेवाज्येष्ठ उपशिक्षक शाळेचा कारभार बघायचा, गाव त्याला हेडमास्तर म्हणायचं आणि कागदावर तो उपशिक्षकच राहायचा. पदोन्नतीचा आदेश नंतर कधीतरी आला असेल. सेवापुस्तकात ‘मुख्याध्यापक पदावर पदोन्नती’ या शब्दांची नोंद शोधा, आदेश क्रमांक आणि हजर तारीख टिपा. आधीची वर्षं ‘शाळेचा कार्यभार’ म्हणून वेगळी दाखवा. १२ वर्षांनंतर लागलेली वरिष्ठ श्रेणी, जिला शिक्षक ‘चटोपाध्याय’ म्हणतात, ती पगाराची श्रेणी आहे, पदोन्नती नव्हे. स्मरणिकांत ही चूक फार होते. ‘प्राचार्य’ हा शब्दही प्राथमिक शाळेला लावू नका.

बाकी त्यात रजा, प्रशिक्षण, वेतनवाढी दिसतील. नेमणूक प्रशिक्षित म्हणून की अप्रशिक्षित म्हणून, ते बघा. त्या काळी फायनल (सातवीची परीक्षा) किंवा मॅट्रिक होऊन लागायचं आणि नोकरीत असताना पी.टी.सी. (प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण) करायला जायचं, असं बऱ्याच जणांचं आहे. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपाची नोंद असली तर तीही घ्या. आणि एक संदर्भ: जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, त्याआधी तुमच्याकडच्या प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. म्हणजे १९६३ ची नेमणूक ही जिल्हा परिषदेच्या अगदी पहिल्या भरतीतली. हे एक वाक्य लेखात जरूर घाला.

---

परभणीकर

मराठवाड्यातलं कुणी असंच काम करत असेल तर त्यांच्यासाठी: हैदराबाद राज्यातल्या जुन्या नोंदी फसली सनात असतात. ५९० मिळवा, ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो मिळतो. त्यांचं वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, म्हणून १३४९ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३९ ते ऑक्टोबर १९४०. महिन्याचं नाव न बघता वर्ष बदललं तर एका वर्षाची चूक होते. विदर्भात जिल्हा परिषदेआधी शाळा जनपद सभेकडे, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक संस्थेकडे सापडतील.

---

माणदेशी

दप्तरी, लिपिकसाहेब, मनापासून आभार. दुय्यम सेवापुस्तक घरी मिळालं. पदोन्नती जून १९९१ ची आहे, म्हणजे नऊ वर्षं बरोबर आणि त्याआधी तेरा वर्षं कार्यभार. दोन्हींचा मेळ लागला. घरच्यांनाही बरं वाटलं.

आता पुढचं. गावातली सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं बोलायला तयार आहेत, पण साल विचारलं की गडबडतात. आणि त्या २२ लेखांचं काय करू? लोक दुखावतील ही भीती आहे.

---

कान आणि वही

साल विचारूच नका. ‘तेव्हा तुम्ही कितवीत होता?’ एवढं विचारा. त्या माणसाचं नाव जनरल रजिस्टरात आहे, दाखल तारीख आहे, तिथून तुम्ही साल काढा. जून १९६४ ला पहिलीत गेलेला ‘आम्ही चौथीत असताना’ म्हणाला तर ते १९६७-६८. मध्ये नापास झाला असेल तर एक वर्ष पुढे, ते हळूच विचारून घ्या. दुसरी खूण मोठ्या घटनांची. तुमच्या जिल्ह्यात कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कुणी विसरलेलं नाही. ७२ चा दुष्काळ, वाटलेली सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ ‘दुष्काळात गुरुजी इथंच होते का बदलून गेले होते?’ याला उत्तर झटकन येतं.

‘गुरुजी कसे होते?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘शिस्तप्रिय’ हेच उत्तर येणार. वस्तू आणि कृती विचारा. सकाळी शाळा कोण उघडायचं, किल्ली कुणाकडे असायची? पाटी पुसायला पाणी कुठून यायचं? दोन वर्ग एका खोलीत असताना गुरुजी कुठे उभे राहायचे, एका वर्गाला काय काम देऊन दुसऱ्याकडे वळायचे? जोडवर्ग चालवणं हे त्यांच्या हुनराचं मुख्य अंग होतं, आणि त्यावर स्मरणिकांत एक ओळही नसते. पहिलीचं अक्षर कशावर गिरवायला द्यायचे, धुळीत, पाटीवर की चिंचोक्यांनी? पाढे कुठपर्यंत, पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) घ्यायचे का? मार द्यायचे का, कशासाठी? मारत असतील तर तेही लिहा, पण एकाच्या सांगण्यावर लिहू नका, तीन वेगवेगळ्या तुकड्यांतल्या माणसांकडून ऐका.

बायकांना वेगळं बसून विचारा. घरातली पुरुषमाणसं समोर असली की त्या ‘चांगले होते’ म्हणून गप्प होतात. चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईकडे त्या शाळेची सर्वांत स्पष्ट आठवण असते. गुरुजींच्या घरच्यांना शाळेबाहेरचं विचारा: जनगणना, मतदार याद्या, निवडणूक, पोलिओचे रविवार, साक्षरतेचे रात्रीचे वर्ग. ही कामं त्यांच्या सुट्टीतून आणि रात्रीतून गेली आहेत, आणि कुठल्या मानपत्रात ती सापडणार नाहीत.

मग आठवण दप्तराशी ताडून बघा. ‘गुरुजींनी आम्हाला पहिलीपासून इंग्रजी शिकवलं’ असं कुणी लिहिलं असेल तर जपून, कारण राज्यात पहिलीपासून इंग्रजी जून २००० मध्ये सुरू झालं, गुरुजी मे अखेर निवृत्त झाले होते. आधी ते पाचवीपासून होतं. खरंच पहिलीत शिकवलं असेल तर ते नेमापलीकडचं काम होतं, आणि मग ते ठळक लिहायला हवं. तसंच शिष्यवृत्तीचं. त्यांच्या काळात ती चौथी आणि सातवीला होती, पाचवी-आठवीला ती २०१६-१७ मध्ये गेली.

लेखांबद्दल: प्रत्येकाला फोन करून एकच विनंती करा, ‘तुमच्या लेखातला एक प्रसंग निवडा आणि तो १५० शब्दांत द्या: कुठली खोली, कितवी, काय घडलं.’ नाव प्रत्येकाचं छापलं जाईल हे आधीच सांगा. लांबी सगळ्यांना सारखीच म्हटली की कुणी दुखावत नाही. आमदारसाहेबांच्या संदेशालाही तीच मर्यादा लावा.

---

खिळे आणि शाई

छपाईचं गणित आत्ताच करा, शेवटच्या आठवड्यात नको. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात १६ पानांचा एक फर्मा (एकदम छापला जाणारा गठ्ठा), ४८ म्हणजे तीन फर्मे, मुखपृष्ठाची चार पानं वेगळी. १२ पॉइंटात पानाला साधारण २६० शब्द बसतात. फोटोंना दहा पानं, शीर्षक-अनुक्रम-आभारांना चार, राहिली ३४, म्हणजे ८,८०० शब्द. २२ जणांचे १५० शब्दांप्रमाणे ३,३०० झाले, तेरा पानं. उरलेली २१ पानं गुरुजींच्या जीवनपटाला आणि त्या आकड्यांना. ५० वं पान निघालं की सरळ ५६ किंवा ६४ वर उडी घ्यावी लागते, खर्च तिथं वाढतो.

आतला कागद ८० जीएसएम (कागदाच्या जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा, फोटोंचा फर्मा आर्ट पेपर १३० जीएसएम, मुखपृष्ठ ३०० चं आर्ट कार्ड. मधोमध पिन मारली तरी ४८ पानं नीट उघडतात.

मजकूर सगळ्यांकडून युनिकोडमध्ये घ्या. छापखान्यात तो श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टांत) फिरवला की ‘ऱ्या’, रफार आणि ‘ॲ’ तुटतात. म्हणून ‘दुसऱ्या’, ‘वर्षं’, ‘गावकऱ्यांनी’, ‘ॲडव्होकेट’ असे शब्द पहिल्या प्रुफात आधी शोधा. आडनावं मोठ्यानं वाचून तपासा. प्रूफ किमान दोनदा, आणि एकदा ते गावातल्याच एखाद्या वयस्कर माणसानं वाचलेलं असावं.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे मागवू नका, बारीक होऊन येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. पासपोर्ट फोटो रुंदीला दीड इंचाचाही नसतो, तो चार इंच छापायचा तर १२०० डीपीआयला स्कॅन करा. अल्बमच्या काळ्या पानाला चिकटलेला फोटो ओढू नका. अल्बम खिडकीजवळ आडवा ठेवा, उजेड बाजूनं येऊ द्या, फ्लॅश बंद, फोन फोटोला समांतर.

---

नातेपुते रोड

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नावाआधी ‘कै.’ छापण्यापूर्वी घरच्यांना विचारा. वारकरी घरात ‘वै.’ (वैकुंठवासी) लावतात, बौद्ध घरात ‘कालकथित’. मुखपृष्ठावर चुकलं तर घरच्यांच्या मनाला लागतं.

---

माणदेशी

विचारलं. गुरुजी माळकरी होते, ‘वै.’ येणार. जनरल रजिस्टरची दोन शनिवार बैठक झाली. गुरुजींनी कार्यभार घेतला त्या १९७८ च्या आधीच्या पाच वर्षांत पहिलीत आलेल्या मुलींपैकी सातवीपर्यंत चार पोचल्या, नंतरच्या पाच वर्षांत सतरा. शेवटचं एक: १९८३ च्या निरोप समारंभाचा फोटो मिळालाय, त्यात ४१ चेहरे, २६ ओळखले. बाकीच्यांचं काय करावं?

---

दप्तरी

चार आणि सतरा हे पान पहिलंच घ्या, गुरुजींच्या फोटोच्या समोर.

त्या फोटोची ए-फोर आकाराची प्रत काढा, वर बटर पेपर ठेवून फक्त डोक्यांच्या कडा पेन्सिलीनं गिरवा आणि प्रत्येक डोक्यात १ ते ४१ आकडे घाला. फोटो आणि तो नकाशा दोन्ही घेऊन १९८३ च्या सातवीच्या हजेरीपत्रकातली नावं एकेक करून वाचत चला, लोकांना नाव ऐकून चेहरा आठवतो. माहेरच्या नावानं नोंदलेल्या मुली आता दुसऱ्या गावी आहेत, त्यांच्या भावांकडून फोन नंबर मिळतील. एका चेहऱ्याला दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं तरच पक्कं धरा. छापताना ओळ अशी: ‘बसलेले, डावीकडून’, मग ‘उभे, पहिली रांग, डावीकडून’. ज्यांची ओळख पटली नाही त्यांचा आकडा घाला आणि पुढे जागा कोरी सोडा. शाळेच्या ग्रंथालयात ठेवायच्या प्रतीत तो बटर पेपर चिकटवा आणि सोबत पेन्सिल बांधा. प्रकाशनाच्या दिवशी ती प्रत मंडपात टेबलावर उघडी राहू द्या.